फायबरच्या कामात त्वचा कशी सांभाळावी: नव्याने हात घालणाऱ्यांसाठी

काचतंतूंच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या बोलण्यातल्या ‘फायबर’च्या कामात जे नव्याने उतरत आहेत, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. कोकण किनाऱ्यावर लाकडी मच्छीमार नौकांना फायबरचा थर चढवणे हे आता रोजचे काम झाले आहे. मोठ्या गणेशमूर्तींचे साचे, पाण्याच्या टाक्या, ट्रकच्या केबिनचे भाग, बागेतल्या घसरगुंड्या अशी कामे तर जिल्ह्याजिल्ह्याच्या औद्योगिक वसाहतींत चालतात. नौदलाच्या महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये ज्या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती ‘तारिणी’सुद्धा गोव्यातल्या दिवाडी बेटावर लाकडी गाभ्यावर फायबरचे थर देऊनच बांधलेली आहे. काम चांगले आहे आणि त्याला मागणीही आहे. मात्र पहिल्या काही दिवसांत अंगाला जी खाज सुटते, तिच्यामुळे अनेक जण कंटाळतात, काही जण काम सोडतात, आणि बाकीचे ‘होईल सवय’ असे म्हणत कातडी खराब करून घेतात. मी अनेक वर्षे लॅमिनेशन (काचतंतूंवर रेझिन नावाचे घट्ट होणारे द्रव लावून थर बसवणे) आणि घासकाम या दोन्हींत काढलेली असल्यामुळे एवढे खात्रीने सांगतो की या खाजेचा मोठा भाग टाळता येतो, आणि त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. धूळ कुठून निघते आणि अंगावर कोणत्या वाटेने पोहोचते हे समजून त्या वाटा एकेक करून बंद कराव्या लागतात.

१. खाज कशाने येते ते आधी समजून घ्या

फायबरची खाज ही बहुतेक वेळा ॲलर्जी नसते. मॅटमधले (तंतूंच्या चटईसारख्या थरातले) आणि रोव्हिंगमधले (तंतूंच्या लांब जुडग्यातले) काचेचे तंतू साधारणपणे ९ ते २० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचे असतात, म्हणजे डोक्याच्या केसाहून बरेच बारीक. ते तुटले की त्यांचे टोकदार तुकडे त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात रुततात आणि कपडा घासला किंवा बोट फिरले की गवताच्या कुसळाप्रमाणे आणखी आत सरकतात. साधारण ५ मायक्रॉनहून जाड तंतू अधिक टोचतात. त्याहून बारीक तंतू त्वचेवर दाबले गेल्यावर वाकतात, म्हणून ते कमी बोचतात. यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. एक म्हणजे खाज सुटल्यावर खाजवणे हा सर्वांत वाईट उपाय आहे, कारण त्याने तंतू आत जातात आणि तिथेच मोडतात. दुसरी म्हणजे ॲलर्जीची गोळी घेऊन कामाला लागणे हे संरक्षण नव्हे. गोळीने खाजेची जाणीव थोडी कमी होईल, पण काच जिथल्या तिथे राहील.

मनगटाची आतली बाजू, कोपराची खोबण, मानेचा मागचा भाग, कमरेला पट्टा बसतो ती जागा आणि पापण्या, या ठिकाणी त्रास आधी सुरू होतो. जिथे कातडी पातळ आहे किंवा कपडा सतत घासतो, तिथे नेहमी लक्ष ठेवावे.

काही आठवड्यांनी अनेकांना खाज कमी जाणवू लागते हे खरे आहे, परंतु ही सवय सर्वांना लागत नाही आणि मोठ्या सुट्टीनंतर कामावर परतल्यावर ती बहुधा पुन्हा पहिल्यापासून लावून घ्यावी लागते. तेव्हा सवयीच्या भरवशावर राहू नका.

रेझिनचा त्रास हा या खाजेहून निराळा आहे, आणि नवीन माणसाची गफलत इथेच होते. पॉलिएस्टर रेझिनमधले स्टायरीन आणि साफसफाईचे ॲसिटोन त्वचेचे तेल शोषून तिला कोरडी व भेगाळ करतात. हे रेझिन घट्ट करण्यासाठी हार्डनर म्हणून येणारे एमईकेपी (मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड) त्वचा भाजते आणि डोळ्यात गेल्यास दृष्टी जाऊ शकते. इपॉक्सी या दुसऱ्या प्रकारच्या रेझिनच्या हार्डनरमुळे मात्र खरीखुरी ॲलर्जी जडू शकते, आणि ती एकदा जडली की पुढे थोड्याशा संपर्कानेही उसळते. काचेची खाज बारीक टोचल्यासारखी असते आणि कामाबाहेर राहिल्यावर लवकर निवळते. रसायनाचा त्रास जळजळ, लाली, फोड किंवा सूज या रूपात दिसतो. दोन्हींवरचे उपाय वेगळे असल्यामुळे आपल्याला नेमके काय होत आहे हे पहिल्या दिवसापासून बघत राहावे.

काचतंतू म्हणजे ॲस्बेस्टॉस (कर्करोग घडवणारा खनिज तंतू), असा एक गैरसमज कामगारांच्या घरच्यांमध्ये फार आढळतो. ॲस्बेस्टॉसचा तंतू उभा चिरत जाऊन अधिकाधिक बारीक होतो, काचेचा तंतू आडवा तुटतो आणि त्याची जाडी तेवढीच राहते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यांकनात मॅट-रोव्हिंगसारखे अखंड काचतंतू आणि इन्सुलेशनची काचलोकर यांना, माणसात कर्करोग घडवतात असे वर्गीकरण करता येत नाही, अशा गटात ठेवले आहे. याचा अर्थ धूळ निरुपद्रवी आहे असा नाही. ती नाका-घशाला, डोळ्यांना आणि त्वचेला निश्चित त्रास देते. स्टायरीनची वाफ ही वेगळीच बाब असून, तिच्याबाबत हीच संस्था बरीच अधिक सावध आहे.

२. हे साहित्य कामाच्या आधी जमवा

• पुढे बटणे असलेला, लांब बाह्यांचा, सैल आणि घट्ट विणीचा जुना शर्ट. टी-शर्ट नको; कारण पुढे येईलच.
• सैल पूर्ण पँट आणि बंद बूट.
• कान-मान झाकणारी टोपी किंवा डोके-मान दोन्हींना पुरेल असा सुती फडका.
• तळव्याला नायट्राइलचा लेप असलेले विणलेले हातमोजे, कोरड्या कामासाठी.
• नायट्राइलचे पातळ, पावडर नसलेले हातमोजे, रेझिनसाठी. खोक्यानेच घ्या, कारण ते सारखे बदलावे लागतात.
• चामड्याचे हातमोजे, कडक झालेल्या भागाच्या कच्च्या कडा हाताळण्यासाठी.
• बाजूंनी बंद असलेला गॉगल.
• एन-९५ किंवा एफएफपी-२ मास्क. पाकिटावर आयएस ९४७३ हे मानक छापलेले आहे का ते पाहा.
• मास्किंग टेप, चिकटपट्टी, बारीक टोकाचा चिमटा, टॉर्च.
• सौम्य साबण, सुगंध नसलेले मॉइश्चरायझर, आणि फक्त कामासाठी राखलेला एक टॉवेल.

धुळीसाठीचा मास्क स्टायरीनच्या वाफेला अडवत नाही. बंद जागेत लॅमिनेशन असेल तर सेंद्रिय वाफेसाठीचे कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटरच लागतो. मास्कला पर्याय म्हणून तोंडाला गुंडाळलेला पंचा यांपैकी कशालाच उपयोगी नाही. उलट त्यात अडकलेली धूळ दिवसभर गालांना घासत राहते.

३. कपडे घालण्याची पद्धत

कपडे घट्ट असू नयेत. घट्ट कपडा त्वचेवर पडलेले तंतू दाबतो आणि प्रत्येक हालचालीला घासतो. सैल कपड्यात ते खाली गळून पडतात. मात्र सैल कपड्याची तोंडे, म्हणजे गळा, मनगटे आणि घोटे, बंद असली पाहिजेत. शर्टाचे वरचे बटण लावा आणि कॉलरवरून फडका गुंडाळा. बाही हातमोज्याच्या आत जाऊ द्यायची की बाहेर ठेवायची हे कामावर ठरते: हात खाली ठेवून टेबलावर काम असेल तर बाही मोज्यावर घेऊन त्यावर मास्किंग टेपचा एक वेढा द्या, आणि नौकेच्या बुडाखाली किंवा छताकडे हात वर करून काम असेल तर बाही मोज्याच्या आत ठेवा, नाहीतर मोज्यावरची धूळ बाहीच्या तोंडातून थेट आत ओघळते. टेप त्वचेवर लावू नका. घामाने ती सुटते आणि तिच्या कडेला धुळीची ओळच्या ओळ बसते.

कोकणातल्या किंवा मुंबईतल्या उकाड्यात कोणालाही बाह्या दुमडाव्याशा वाटतात, आणि दुपारी जेवणानंतर निम्मा कारखाना बनियनवर येतो हेही मी पाहिले आहे. घामट कातडीवर धूळ चिकटते आणि घामाच्या ओघळाबरोबर कोपर, काख आणि कमरेच्या वळ्यांत जाऊन साचते. उकडते म्हणून कपडे उतरवण्यापेक्षा घासकाम सकाळी आटोपून घ्यावे, मधे विश्रांती घ्यावी आणि भिजलेला शर्ट बदलावा. दोन शर्ट घेऊन येणे यासाठीच उपयोगी पडते.

अंगठी, घड्याळ, कडे, मनगटावरचा काळा दोरा किंवा गंडा हे काढून ठेवता येत असेल तर काढावे. दोऱ्यात अडकलेले तंतू धुतल्यानेही निघत नाहीत आणि मनगटावर गोल चट्टा उठतो. श्रद्धेमुळे दोरा काढायचा नसेल, तर तो मोज्याच्या आत पूर्ण झाकला जाईल असे पाहावे. बांगड्या आणि मंगळसूत्र यांच्या बाबतीतही हेच लागू आहे, आणि ग्राइंडरजवळ तर लोंबणारे काहीही असता कामा नये.

पुरुषांनी दाढी सकाळी कामाला निघताना करण्याऐवजी रात्री अंघोळीनंतर करावी. ताज्या दाढीने त्वचेवर सूक्ष्म ओरखडे राहतात आणि त्यांत धूळ फार झोंबते. दाढी वाढवलेली असेल तर मास्क चेहऱ्याला नीट बसत नाही, हा वेगळा मुद्दा आहे.

काम सुरू करण्याआधी हाताला खोबरेल तेल चोपडण्याची जी जुनी पद्धत आहे, ती सोडून द्या. तेलकट कातडीवर धूळ अधिक चिकटते, शिवाय तेलकट बोटांचे ठसे साच्यावर उमटले की जेलकोट (साच्यात सर्वांत आधी दिला जाणारा गुळगुळीत थर) तिथे नीट धरत नाही आणि मिस्त्रीची बोलणी खावी लागतात ती वेगळीच. टाल्कम पावडरने ‘रंध्रे बंद होतात’ हेही खरे नाही. घामात तिचा चिखल होतो. त्वचा-संरक्षक क्रीम वापरायचे असेल तर पातळ थर लावून पूर्ण मुरू द्यावा आणि वरून हातमोजे घालावेतच. क्रीम हे हातमोज्यांची जागा घेऊ शकत नाही.

४. जागा आणि वारा

बंद शेडमध्ये टेबल फॅन लावून ग्राइंडर चालवणे म्हणजे सगळ्यांच्या अंगावर स्वतःच्या हाताने धूळ उडवणे होय. हवा बाहेर फेकणारा एग्झॉस्ट चालतो, तोंडावर वारा मारणारा पंखा चालत नाही. कापण्याची आणि घासण्याची जागा लॅमिनेशनच्या जागेपासून वेगळी करा. ते शक्य नसेल तर मधे प्लॅस्टिकचा जाड पडदा तरी सोडा.

किनाऱ्यावर उघड्यावर काम करणाऱ्यांनी वाऱ्याची वेळ ओळखावी. सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो आणि दुपारी खारा वारा समुद्राकडून फिरतो, त्यामुळे सकाळी योग्य असलेली उभे राहण्याची जागा दुपारी उलटी पडते. वारा नेहमी पाठीवर किंवा बाजूने घ्या, समोरून कधीही घेऊ नका. खाली ताडपत्री अंथरा, आणि दुपारच्या वाऱ्याच्या वाटेत बोंबील सुकत घातलेल्या वलांड्या किंवा कोणाची घरे असतील तर ग्राइंडर त्या वेळी लावूच नका. ताडपत्रीवरची धूळ ओली करून पोत्यात भरावी; पुळणीवर झटकली तर दुसऱ्या दिवशी ती अनवाणी फिरणाऱ्या पोरांच्या पायांत जाते.

५. कोरडी मॅट कापताना

मॅट दर चौरस मीटरला ३०० किंवा ४५० ग्रॅमची असो, ती गुंडाळीवरून ओढून काढू नका. गुंडाळी आडव्या दांड्यावर चढवून अलगद सोडा. फाडण्याऐवजी धारदार कात्रीने किंवा चाकूने कापा. लॅमिनेशनमध्ये कड मिसळून जावी म्हणून मॅट हाताने फाडण्याची पद्धत आहे आणि तिला कारणही आहे, परंतु फाडताना सुटे तंतू सर्वांत जास्त उडतात, म्हणून तेवढे काम गॉगल आणि मास्क लावूनच करावे. सगळे तुकडे साच्याच्या मापाने आधीच कापून, क्रमाने रचून, प्लॅस्टिकखाली झाकून ठेवले तर पुढे रेझिन लावताना कोरड्या मॅटला पुन्हा पुन्हा हात लागत नाही. कापलेली मॅट काखेत धरून इकडून तिकडे नेण्याची सवय असते, ती मोडा. दोन हातांवर पुठ्ठा धरून त्यावरून न्या.

साधे सुती विणलेले हातमोजे या कामाला घेऊ नका. त्यांच्या विणीत तंतू अडकतात आणि आतल्या बाजूने टोचू लागतात. असे मोजे घालून दिवसभर काम केलेल्या माणसाचे हात मोकळ्या हातांपेक्षा अधिक लाल झालेले दिसतात.

६. रेझिन लावताना

ओल्या रेझिनमध्ये भिजलेला तंतू उडत नाही, त्यामुळे या टप्प्यात खाज कमी आणि रसायनाचा धोका अधिक असतो. पातळ नायट्राइलचे हातमोजे घाला, आणि ॲसिटोन लागले की लगेच बदला, कारण पातळ नायट्राइलमधून ॲसिटोन काही मिनिटांतच आरपार जाते. ॲसिटोनचेच काम जास्त असेल तर ब्यूटाइल रबराचे मोजे घ्यावेत. मोजा फाटला असेल तर त्यावर दुसरा चढवू नका. आधी काढा, हात धुवा, कोरडा करा, मग नवा घाला.

पॉलिएस्टर रेझिनला एमईकेपी हार्डनर साधारण १ ते २ टक्के लागतो. बरणीतून थेट ओतण्याऐवजी मोजणीच्या बाटलीतून किंवा मापाच्या नळीतून घ्या आणि तेवढ्या वेळापुरता गॉगल डोळ्यांवर असलाच पाहिजे. कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारे रसायन) आणि एमईकेपी एकमेकांत थेट मिसळू नका. त्यांचा भडका उडतो. कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळून झाल्यावरच हार्डनर घालायचा असतो. बाजारात मिळणाऱ्या अनेक रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेले असते, म्हणून दुकानदाराला विचारून घ्या. डोळ्यात हार्डनरचा थेंब गेला, तर पापण्या उघड्या धरून वाहत्या स्वच्छ पाण्याने कमीत कमी १५ मिनिटे डोळा धुवा आणि त्यानंतर थेट रुग्णालयात जा. पाणी कुठे आहे हे बरणी उघडण्याआधी ठाऊक असावे.

हाताला लागलेले रेझिन ॲसिटोनमध्ये हात बुडवून काढण्याची पद्धत जवळपास प्रत्येक कारखान्यात दिसते. त्याने हात क्षणात स्वच्छ होतात हे खरे. पण त्वचेचे तेल निघून गेल्यामुळे संध्याकाळपर्यंत बोटांच्या पेरांवर भेगा पडतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच भेगांत काच शिरते. अनेकांची ‘फायबरची खाज’ प्रत्यक्षात ॲसिटोनपासून सुरू झालेली असते. रेझिन ओले असतानाच फडक्याने पुसून घ्या आणि हात साबणाच्या पाण्याने धुवा. मेकॅनिक वापरतात ती खरखरीत दाण्यांची हात धुण्याची पेस्ट इथे नको. दाण्यांबरोबर तंतूही घासले जातात.

७. कटिंग आणि घासकाम

खरी खाज इथली आहे. मॅट कापताना उडणारे तंतू डोळ्यांना दिसतात तरी. ग्राइंडरखाली निघणारी धूळ म्हणजे कडक रेझिनचे कण आणि काचेचे अतिशय आखूड, टोकदार तुकडे यांचे मिश्रण असते, आणि ते शिवणीच्या भोकांतूनही आत जाते. म्हणून धूळ अडवण्यापेक्षा ती कमी निर्माण करण्याकडे लक्ष द्यावे.

त्यासाठीची सर्वांत उपयोगी युक्ती म्हणजे कडा वेळेवर कापणे. रेझिन घट्ट होत असताना एक अवस्था अशी येते की थर चामड्यासारखा लवचीक असतो, बोटाला चिकटत नाही, पण अजून कडकही झालेला नसतो. त्या वेळी साच्याच्या कडेने धारदार चाकू फिरवला की जादा भाग पट्टीसारखा सुटून येतो आणि धूळ जवळजवळ निघत नाही. हवामान, रेझिन आणि हार्डनरचे प्रमाण यांवर ही वेळ बदलते. उन्हाळ्यात ती फार लवकर येते आणि पटकन निघून जाते. कडेवर बोट दाबून पाहत राहा आणि चाकू हाताशी ठेवा. ही वेळ चुकली की तेच काम ग्राइंडरने करावे लागते आणि त्याची किंमत सगळ्या शेडला मोजावी लागते.

ग्राइंडर वापरावाच लागला तर त्याच्या गार्डला व्हॅक्यूमचे तोंड जोडता आल्यास उत्तम. चाकावरून उडणारी धार आपल्यापासून दूर जाईल अशा बाजूने उभे राहा. शेवटची घासाई शक्यतो वॉटर पेपरने, पाणी घेऊन हाताने करावी, कारण ओली धूळ उडत नाही. विजेच्या ग्राइंडरवर किंवा सँडरवर मात्र पाणी मारू नका; शॉक लागून माणूस दगावू शकतो.

कडक झालेल्या भागाच्या न घासलेल्या कडेला बाहेर आलेले तंतू खिळ्यासारखे ताठ असतात. साच्यातून भाग काढताना चामड्याचे हातमोजे घाला. इथे पातळ नायट्राइलचा काहीच उपयोग नाही.

काम संपल्यावर कंप्रेसरच्या हवेने अंगावरची धूळ उडवण्याचा मोह फार होतो. ते अजिबात करू नका. दाबाची हवा तंतूंना कातडीत ढकलते, शेजारच्याच्या डोळ्यांत धूळ घालते आणि त्वचेच्या जखमेतून हवा आत शिरण्याचा धोका असतो. जमीन कोरड्या झाडूने झाडू नका. पाणी शिंपडून ओल्या फडक्याने पुसा किंवा बारीक फिल्टरच्या व्हॅक्यूमने ओढा.

८. अंग धुण्याचा क्रम

या टप्प्यावर सर्वांत अधिक वेळ द्या, कारण दिवसभर घेतलेली काळजी शेवटच्या दहा मिनिटांत वाया जाऊ शकते.

कपडे उतरवण्याआधी ओल्या फडक्याने शर्ट आणि पँट वरून खाली टिपून घ्या. मग हातमोजे, टोपी, शर्ट असे उतरवा. शर्टाला पुढे बटणे हवीत ती यासाठीच: टी-शर्ट डोक्यावरून ओढला की त्यावरची सगळी धूळ चेहऱ्यावर आणि केसांत पडते. शर्ट आतल्या बाजूने उलटत उतरवा आणि झटकू नका. मास्क आणि गॉगल सर्वांत शेवटी काढा.

आधी फक्त हात आणि कोपरापर्यंतचा भाग वाहत्या, थंड किंवा कोमट पाण्याखाली धरा. चोळू नका, नुसते पाणी वाहू द्या. वाहत्या पाण्याने सुटे तंतू निघून गेल्यावर साबणाचा फेस लावा आणि मऊ कापडाने एकाच दिशेने, हलक्या हाताने पुसत आणा; कापड दर वेळी नळाखाली खळबळून घ्या. त्यानंतर डोके पुढे वाकवून केस धुवा म्हणजे केसांतली धूळ पाठीवर उतरत नाही. मग बाकीचे अंग.

गरम पाण्याने ‘रंध्रे उघडून काच निघते’ असे सांगणारे पुष्कळ भेटतील. गरम पाण्याने त्वचा लाल होते आणि खाज वाढते एवढेच होते. बादली आणि तांब्याने अंघोळ करणाऱ्यांनी हात बादलीत बुडवू नये, नाहीतर हाताचे तंतू त्याच पाण्यातून पाठीवर जातात. तांब्यासुद्धा दुसऱ्या कोणीतरी ओतून दिला तर पहिली धुणी चांगली होते. वज्री, काथ्या, घासणी यांना त्या दिवशी हात लावू नये. अंग टॉवेलने टिपून घ्यावे, रगडू नये, आणि थोड्या ओलसर त्वचेवरच मॉइश्चरायझर लावावे.

दिवसभरातही जेवणाआधी आणि चहाआधी हात धुवावेत हे सगळे सांगतात. लघवीला जाण्याआधीही धुवावेत हे कोणी सांगत नाही, आणि त्याचे कारण पहिल्याच दिवशी कळते.

९. कपडे आणि घर

कामाचे कपडे कारखान्यातच ठेवता आले तर सर्वांत चांगले. घरी आणावे लागले तर पिशवीचे तोंड बांधून आणा आणि ते बाकीच्या कपड्यांपासून वेगळे धुवा. आधी बादलीत बुडवून पाणी दोनदा ओतून द्या, मग साबण लावा. मशीनमध्ये धुतले तर नंतर मशीन एकदा रिकामे फिरवा, कारण ड्रमला चिकटलेले तंतू पुढच्या घाण्यातल्या लहान मुलांच्या कपड्यांत शिरतात. फायबरला कधीही हात न लावलेल्या घरच्या माणसांना खाज सुटते ती बहुधा अशीच. मोटरसायकलची सीट ओल्या फडक्याने पुसावी, आणि धूळभरल्या कपड्यांनी पलंगावर बसू नये. चादरीत गेलेला तंतू रात्रभर जागे ठेवतो.

एसीच्या डक्टमध्ये किंवा फॉल्स सीलिंगच्या वर काचलोकर भरणाऱ्यांना वरील बहुतेक सूचना तशाच लागू आहेत; फक्त त्यांचे काम डोक्यावर असल्याने टोपीसह पूर्ण अंग झाकणारा सूट घेणे त्यांना परवडते, कारण गळ्यातून धूळ आत जाण्याची वाट त्यांच्या बाबतीत सर्वांत मोठी असते.

१०. एवढे करूनही खाज आली तर

दिवा मालवून टॉर्च त्वचेला जवळजवळ आडवी धरा. रुतलेले तंतू बारीक चकाकताना दिसतात. त्या जागेवर चिकटपट्टी हलकेच दाबून सरळ वर उचला. ओढत नेऊ नका. दर वेळी नवा तुकडा घ्या. टोक बाहेर दिसत असलेला तंतू स्पिरिटने पुसलेल्या चिमट्याने, तो ज्या कोनात शिरला आहे त्याच कोनात काढा. दिसत नसलेल्यासाठी सुईने उकरत बसू नका. वरचा थर नैसर्गिकरीत्या गळताना असे बारीक तंतू बहुधा आपोआप बाहेर पडतात. थंड पाण्याच्या घड्या आणि कॅलामाइन लोशन यांनी आराम पडतो. डोळ्यात धूळ गेली तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा आणि खुपणे थांबले नाही तर नेत्रतज्ज्ञांकडे जा.

औषधाच्या दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ मागून आणू नका. आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या अशा अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड, बुरशीवरचे औषध आणि प्रतिजैविक एकत्र असते. स्टेरॉइडने दोन दिवस बरे वाटते, मग माणूस तीच ट्यूब महिनोन्‌महिने लावतो आणि कातडी पातळ होऊन पूर्वीपेक्षा अधिक हळवी होते. स्टेरॉइड लागलेच तर ते किती दिवस आणि कुठे लावायचे हे डॉक्टरांनी ठरवावे.

कामापासून दूर राहूनही आठवडाभरात पुरळ निवळले नाही, पू झाला, ताप आला, पापण्या किंवा चेहरा सुजला, किंवा इपॉक्सीला हात लागल्यावर दर वेळी लाली व फोड येऊ लागले, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. श्वासाला घरघर लागली तर थांबूच नका. दवाखान्यात गेल्यावर पहिले वाक्य ‘मी फायबरचे काम करतो’ हे असले पाहिजे. हे सांगितले नाही तर काचेचे पुरळ खरजेसारखे दिसते, घरातल्या माणसांनाही कपड्यांमुळे खाज असेल तर तो संशय आणखी पक्का होतो, आणि सगळ्या कुटुंबाला खरजेचे औषध लावावे लागते. त्वचा खरवडून किंवा चिकटपट्टीवर घेतलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर काचेचे तंतू स्पष्ट दिसतात. इपॉक्सीच्या ॲलर्जीसाठी पाठीवर पट्ट्या लावून करायची पॅच टेस्ट असते. जाताना कोणते रेझिन, कोणता हार्डनर आणि कोणते थिनर वापरता त्यांच्या डब्यांवरच्या लेबलांचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा, आणि सुट्टीच्या दिवशी खाज कमी होते का, कामावर आल्यावर पुन्हा किती तासांत सुरू होते, हे आधी चार-सहा दिवस लिहून ठेवलेत तर डॉक्टरांचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.